एरंडोलचा कागद आणि विनोदाचे दफ्तर

१९०८ साली 'इंपिरियल गॅझेटियर ऑफ इंडिया'च्या नव्या आवृत्तीचा बारावा खंड ऑक्सफर्डहून निघाला. त्यात खान्देशातल्या एरंडोलच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. गाव जुने आहे, कापूस, नीळ आणि धान्य यांचा व्यापार बरा चालतो, येथला जाडाभरडा देशी कागद एके काळी नावाजलेला होता आणि तो धंदा आता थोडाफार शिल्लक आहे, एवढीच काय ती नोंद. त्याच साली न. चिं. केळकर यांचे 'सुभाषित आणि विनोद' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा काडीचाही संबंध नाही. तरी विनोदाच्या अभ्यासाचा माग काढायला निघालेल्या माणसाला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. मराठी माणूस हसत आला आहे तो तोंडी, आणि अभ्यास होत आला आहे तो कागदावरच्या हसण्याचा. जे कागदावर चढले त्याचे पुढे संशोधन झाले. जे चढले नाही ते गावाच्या वेशीत, तमाशाच्या कनातीत आणि बायकांच्या गाण्यांत राहिले. एरंडोलने कागद पुरवला, पण त्या मुलखाच्या हसण्याला त्यातला फार थोडा मिळाला. हे कसे झाले ते पाहण्यासाठी आपण १९०८ सालापासून बरेच मागे जाऊ.

विनोदाचा पहिला पद्धतशीर अभ्यासक आपल्याकडे भरतमुनी. 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात त्याने हास्याला शृंगारातून जन्माला घातले, त्याचा रंग पांढरा सांगितला, देवता म्हणून शिवाचे प्रमथगण नेमून दिले, आणि मग जे केले ते आजच्या कोणत्याही प्रबंधाला शोभावे असे आहे. त्याने हसण्याचे सहा प्रकार पाडले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. हसितात डोळे आणि मुख उमलते, दात जरासे दिसतात. असे एकेक पायरी उतरत आपण अतिहसितापाशी येतो, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असते, आवाज कर्कश झालेला असतो आणि हात कुशीवर दाबलेले असतात. निरीक्षण अचूक आहे. खोड आहे ती पुढच्या वाटणीत. पहिले दोन प्रकार उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यमांना आणि पोट धरून हसणे अधमांना. हसण्याला उतरंड लावण्याची ही सवय आपल्या समीक्षेच्या हाडात इतकी मुरली की अगदी विसाव्या शतकातही 'उच्च अभिरुचीचा' विनोद आणि 'ग्राम्य' विनोद अशी विभागणी मराठी समीक्षक डोळे मिटून करत राहिले. तिचे मूळ येथे आहे.

भरतानंतर काश्मीरच्या पंडितांनी या विचाराला एक विलक्षण वळण दिले. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या अभिनवगुप्ताने असे दाखवले की हास्याचे मूळ अनौचित्यात आहे. जी गोष्ट जेथे शोभत नाही तेथे ती आली की हसू येते. म्हणून कोणताही रस, अगदी करुणही, अस्थानी आला तर तो हास्याच्या दारात जाऊन पडतो. पुढे युरोपात अठराव्या शतकात कांटने ताणलेली अपेक्षा एकदम शून्यात विरते तेव्हा हसू येते असे म्हटले. त्याच्या बरेच आधी हा विचार काश्मिरी पंडितांच्या टीकाग्रंथात मांडलेला होता. अभिनवगुप्ताच्या मागोमाग आलेला क्षेमेंद्र मला अधिक आवडतो. त्याने औचित्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच हाताने 'कलाविलास', 'देशोपदेश' आणि 'नर्ममाला' ही झणझणीत उपहासकाव्ये लिहून लाचखोर कारकून, ढोंगी गुरू आणि वैद्य यांची सालटी काढली. काय शोभते याचा शास्त्रकार आणि काय शोभत नाही याचा चित्रकार एकाच देहात होता. विनोदावर लिहिणारा स्वतः विनोदी असू शकतो याचा हा पहिला ठळक दाखला, आणि पुढच्या हजार वर्षांत असे दाखले फार सापडत नाहीत.

संस्कृत नाटकात मात्र हसवण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे होते. विदूषक हा जातीने ब्राह्मण, पण संस्कृत न बोलणारा. तो प्राकृतात बोलतो, खाण्यावर तुटून पडतो आणि राजाच्या प्रेमाची टर उडवतो. 'विक्रमोर्वशीया'तल्या विदूषकाला उगवता चंद्रसुद्धा मोदकाच्या तुकड्यासारखा दिसतो. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवू, कारण त्या आपल्याला पुढे खान्देशात भेटणार आहेत. एक म्हणजे खादाडपणा, आणि दुसरी म्हणजे हसवणाऱ्याने बोलायची ती घरची, बाजारची बोली. खादाडपणाचा नमुना तर एरंडोलच्या दाराशीच आहे. स्थानिक परंपरा एरंडोलला महाभारतातली एकचक्रानगरी मानते. असा मान सांगणारी गावे देशात इतरही आहेत. पण जवळच्या पद्मालयाच्या रानातले भीमकुंड दाखवून, बकासुरासाठी भरलेला गाडा भीमाने वाटेतच कसा फस्त केला ते सांगताना या भागातल्या माणसाचा स्वर असा लागतो, जणू ते काल घडले. राक्षस ओरडतो आहे आणि भीम त्याच्याकडे पाठ करून घास मोडतो आहे, हे दृश्य मूळ महाभारतातच आहे. कीर्तनकारांनी ते शतकानुशतके रंगवले. वीररसाच्या कथेतला हा हास्याचा तुकडा मोदकासाठी झुरणाऱ्या विदूषकाच्या चुलतघराण्यातला आहे.

मराठीत आल्यावर विनोदाला भक्तीच्या घरी आसरा मिळाला. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली आणि त्यांत जोशी, फकीर, भूत, विंचू, संसाराला कंटाळलेली बाई अशी सोंगे उभी केली. परमार्थ आत आणि हसू वर. पण या हसण्याला स्वतःच्या नावाने उभे राहण्याची परवानगी नव्हती. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त टवाळांना विनोद आवडतो असे म्हटले, आणि तेव्हापासून विनोदाला नाक मुरडणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या हाती आयते हत्यार आले. खरे तर ती ओळ ज्या समासात आहे तो श्रवणाविषयीचा आहे, आणि ज्याचा जसा स्वभाव तशी त्याला आवड असते एवढेच तेथे सांगायचे आहे. समर्थांची विनोदबुद्धी पाहायची तर दुसऱ्या दशकाकडे जावे. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, घरात शहाणा आणि सभेत लाजणारा, काही कारण नसता हसत सुटणारा, अशी मूर्खांची लक्षणे ते एकामागून एक सांगत जातात, आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचा वेगळा समास देतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने माणसांचे तीस नमुने असेच रेखाटले होते. पाश्चात्त्य विनोदाचे अभ्यासक त्याला व्यक्तिचित्रात्मक उपहासाचा पूर्वज मानतात. आपण मूर्खलक्षणांना परमार्थाच्या खात्यात टाकून मोकळे झालो.

आणि हे सारे कागदावर टिकले कोठे, तर खान्देशात. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली, मठामठांतून फिरून बाडे जमवली आणि डोमगावच्या मठातल्या, समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली 'दासबोध' छापला. त्या बाडांचे घर म्हणजे धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर. अशी बाडे हाताळली की कागदाचा पोत बोटांना कळतो. देशी कागद करण्याची रीत दख्खनमध्ये सगळीकडे साधारण सारखीच होती. जुनी गोणपाटे, दोरखंड आणि चिंध्या तोडून चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, ढेंकीखाली कुटायच्या, लगदा धुऊन हौदात घोळायचा, गवती काड्यांच्या चाळणीवर त्याचा पातळ थर अलगद उचलायचा, ओला ताव भिंतीवर थापून वाळवायचा, मग त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. इतक्या मेहनतीने झालेला ताव महागच पडणार. त्यावर वतनाचे हिशेब लिहायचे, पोथ्या उतरायच्या, सनदा करायच्या. बतावणी लिहून ठेवायला तो कोण खर्चणार?

बतावणी हा तमाशातला सगळ्यात हुशार भाग. गण झाला, गवळणीत मावशी आणि पेंद्या येऊन गेले, की वगाला सुरुवात होण्यापूर्वी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार समोरासमोर उभे राहतात आणि शब्दाला शब्द भिडतो. शाहिरांच्या बाडांत लावण्या सापडतात, कटाव सापडतात, पोवाडे सापडतात. बतावणी तेथे बहुधा नसते, कारण ती त्या रात्री, त्या गावच्या पाटलावर, त्या वर्षीच्या पावसावर रचलेली असते. सोंगाड्याने धोतराचा सोगा कसा धरला, कोणत्या शब्दानंतर किती थांबला आणि ढोलकीवाल्याने नेमकी कोठे थाप दिली, यावर ती उभी असते. दुसऱ्या गावी ती तशीच केली तर पडते. पूर्वीच्या अभ्यासकापुढे म्हणूनच तमाशाच्या विनोदाचा पुरावा आला तो बहुतेक ऐकीव.

छापखाना आल्यावर चित्र बदलले. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटकाला सुरुवात केली आणि त्यांच्या नाटकांत विदूषक पुन्हा रंगमंचावर आला. १८५६ साली अमरचंदवाडीकर मंडळींनी मुंबईत फार्स लावले, आणि पुढची दोन-तीन दशके मुख्य नाटकाच्या शेपटाला फार्स जोडण्याची चाल पडली. गो. ब. देवलांनी मोलिएरचे एक प्रहसन इंग्रजीच्या वाटेने उचलून १८९३ साली 'फाल्गुनराव' केले, आणि तेच १९१६ साली संगीताचा साज चढून 'संशयकल्लोळ' झाले. वाङ्मयात खरी फाळणी झाली ती १९०२ साली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा लेख 'विविधज्ञानविस्तारा'त आला, पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट अवतरले, आणि १९१० साली 'सुदाम्याचे पोहे' ग्रंथरूपाने बाहेर पडले. कोल्हटकर जळगावचे वकील होते असे वाचून आमच्याकडच्या काही अभिमानी मंडळींची छाती फुगते. ते जळगाव बुलढाण्याकडचे, जामोदचे. खान्देशच्या जळगावाने तो मान परस्पर घ्यायचे काही कारण नाही.

कोल्हटकरांचे लेख येत होते त्याच सुमारास विनोदाकडे कारण-कार्यभावाच्या नजरेने पाहण्याची लाट युरोपात उठली होती. फ्रान्समध्ये आंरी बर्गसाँचा हास्यावरचा निबंध १९०० साली आला. माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो, हे त्याचे सूत्र. १९०५ साली व्हिएन्नात फ्रॉइडने विनोदाचे नाते दडपलेल्या मनाशी जोडले. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी केळकरांचे पुस्तक आले. त्याच साली जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि 'केसरी'-'मराठा'चा भार केळकरांवर पडला, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाच्या स्वस्थचित्ताचे नवल वाटते. विषय त्यांनी सोडला नाही. वाढवत वाढवत १९३७ साली त्यांनी 'हास्यविनोदमीमांसा' हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ते पासष्टीत होते. विनोद ही स्वतंत्रपणे मीमांसा करण्याजोगी गोष्ट आहे, तिला भक्तीचा, सुधारणेचा किंवा रसशास्त्राचा टेकू लागत नाही, हे या ग्रंथाने मराठीत रुजवले. त्याचे दाखले मुख्यतः संस्कृत सुभाषितांचे, इंग्रजी पुस्तकांचे आणि छापील मराठीचे. सोंगाड्या त्यात जवळपास नाही.

त्याच काळात खान्देशचे बोलणे कागदावर आले होते, पण वेगळ्याच खात्यात. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ली बोलींच्या बरोबर खान्देशी आहे, आणि मौज अशी की त्याच खंडाच्या मथळ्यात बहुरूप्यांची बोलीही आहे. गावोगाव सोंगे घेऊन हसवत फिरणाऱ्या जमातीला ग्रिअर्सनच्या मदतनिसांनी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगायला लावली, कारण सर्वेक्षणाचा नमुना तोच ठरला होता. बहुरूप्याने स्वतःचे सोंग सोडून दुसऱ्याची गोष्ट सांगितली आणि व्याकरण टिपले गेले. तो एरवी काय बोलून लोकांना हसवत असे ते टिपायचे कोणाला सांगितलेच नव्हते.

क्षेमेंद्रासारखा दुहेरी माणूस मराठीला मिळाला तो चिंतामण विनायक जोशी. बडोद्याला पालीचे अध्यापन, जातककथा आणि बुद्धसंप्रदाय यांवर गंभीर लेखन, आणि दुसरीकडे चिमणराव व गुंड्याभाऊ. त्यांचे 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ साली आले. एरंडोलच्या वाचकाने शीर्षकावर हक्क सांगू नये. चिमणराव एकाच आयुष्यात किती माध्यमांतून फिरला ते पाहण्यासारखे आहे. मासिकांतून पुस्तकांत आला, मास्टर विनायकांनी त्याला 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत आणले, तेथे दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी जमली, आणि मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाल्यावर काही वर्षांतच दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्याला घराघरांत पोहोचवले. वाङ्मयातला विनोद दृश्य होताना काय गमावतो आणि काय कमावतो, याचा अभ्यास करायला मराठीत यापेक्षा चांगले उदाहरण नाही. छापील चिमणराव स्वतःच निवेदक आहे, आपली फजिती तो फार गंभीरपणे सांगतो. पडद्यावर निवेदन गळते आणि भाबडा चेहरा उरतो. प्रभावळकरांनी तो चेहरा असा घडवला की पुढे पुस्तक वाचतानाही तोच दिसू लागला.

१९५२ साली खान्देशच्या वाट्याला एक चुकार भाग्य आले. सोपानदेव चौधरींनी आईच्या ओव्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' निघाली. आसोद्याची, अक्षर न शिकलेली ही बाई कागदावर आली ती मुलाने उतरून घेतले म्हणून. आणि तिला जगापुढे आणणारा माणूस 'झेंडूची फुले', 'साष्टांग नमस्कार' आणि 'मोरूची मावशी' लिहिणारा, म्हणजे त्या काळच्या मराठी विनोदाचा अनभिषिक्त राजा. असे असूनही आपण बहिणाबाईंचे तत्त्वज्ञान शाळेत पाठ केले आणि तिचा मिश्कीलपणा बाजूला ठेवला. तिच्या संग्रहात 'रायरंग' नावाची कविता आहे. रायरंग म्हणजे खान्देशातला सोंगे आणणारा बहुरूपी. गावातल्या माणसांवर, त्यांच्या ढोंगांवर ती जी नजर टाकते ती सोंगाड्याचीच, फक्त जात्याच्या घरघरीत दबलेली. तिच्या बोलीत ती विदूषकाच्या जागी उभी राहते. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांकडे पाहून ती हसते. पुढे नाटक-सिनेमांनी मात्र उलट केले. बोली बोलणारा माणूस दिसला की त्याच्याकडे पाहून हसायचे. विनोदातली ही बाजूपालट बहिणाबाईंवरच्या ढीगभर लेखनात क्वचितच कोणी तपासली आहे.

त्या दशकात विदूषकाचे मूळ शोधण्याचे काम डॉ. गो. के. भटांनी हाती घेतले आणि १९५९ साली त्यांचा 'विदूषक' हा ग्रंथ आला. त्यांच्यासमोर युरोपीय पंडितांची मोठी भांडाभांड होती. विंडिशने विदूषकाचे नाते ग्रीक प्रहसनांतल्या नोकराशी लावले होते. पिशेलने कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाकडे बोट दाखवले होते. कीथने वैदिक महाव्रतातला विधी पुढे केला, ज्यात ब्रह्मचारी आणि गणिका एकमेकांना उघड शिव्या देतात. पुढे १९७९ साली डच पंडित काइपर याने तर विदूषकात वरुणदेव पाहिला. भटांनी आपल्या आधीची मते तोलून विदूषकाची वाढ नाट्यपरंपरेच्या आतूनच दाखवली, आणि ते पटण्यासारखे आहे. मला मात्र कीथची शिव्यांची कल्पना वाचताना खान्देशची आखाजी आठवते. अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि काही गावांत दोन बाजूंच्या पोरीबाया नदीच्या वा नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना ठेक्यात शिव्या हासडतात. हात उडवत, पुढे सरत, मागे हटत. समोरच्या बाजूने तोडीस तोड उत्तर आले की आपल्याच बाजूच्या बायाही हसतात. त्या दिवशी राग धरायचा नसतो. महाव्रताशी आखाजीचे नाते जोडण्याइतका पुरावा कोणाकडे नाही, आणि असले नाते घाईने जोडणाऱ्यांपासून जपूनच राहावे. पण विधीने परवाना दिलेली शिवीगाळ म्हणजे काय, हे ग्रंथातून शिकणाऱ्या संशोधकाने एकदा वैशाखात खान्देशात यावे.

विनोदाच्या संशोधनाचा हा पट विणला जात असताना विनोदाने संशोधनावरच डाव उलटवला, आणि तोही खान्देशी माणसाने. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. तिच्यात पांडुरंग सांगवीकर आणि त्याचा मित्र भविष्यातल्या इतिहाससंशोधकांचा आव आणून आजच्या जगण्याचे अवशेष तपासतात, त्यांवरून भलभलते निष्कर्ष काढतात आणि तेही अगदी साधार. त्या पानांमागे कोणता वारा आहे ते कळायला धुळे ठाऊक असावे लागते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटची वर्षे धुळ्यात काढली, १९२६ च्या अखेरीस ते तेथेच गेले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तरे, शिक्के, वंशावळ्या, एका शब्दावरून उभारलेली साम्राज्ये हे सारे खान्देशच्या हवेत होते. पु. ल. देशपांड्यांनीही 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' लिहून वाङ्मयेतिहासकारांची तीच गत केली. शैली इतकी हुबेहूब की एखादा परिच्छेद खऱ्या इतिहासात सरकवून दिला तर परीक्षकाच्या लक्षात येईलच असे नाही. गंभीर संशोधनाची भाषा कोठे हास्यास्पद होते याचे सगळ्यात बारकाईचे विश्लेषण या दोन विडंबनांत आहे, आणि विनोदावरच्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत ती दोन्ही पुस्तके 'साधनग्रंथ' म्हणून असायला हवीत, 'आधारग्रंथ' म्हणून असतील तर अधिक बरे.

विद्यापीठीय चौकटीत विनोदाचा सर्वांत चिवट पाठपुरावा केला तो सोलापूरकडच्या डॉ. गो. मा. पवारांनी (१९३२–२०१९). विठ्ठल रामजी शिंद्यांचे चरित्रकार म्हणून त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि लोक त्यांना त्याच नावाने ओळखतात. पण 'विनोद : तत्त्व व स्वरूप' लिहून त्यांनी केळकरांनंतर साचलेला विचार पुढे ढकलला, पाश्चात्त्य सिद्धान्त नीट पारखले आणि मराठी विनोदाच्या नाना रूपांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तमाशाकडे याच काळात नामदेव व्हटकर, प्रभाकर मांडे, रुस्तुम अचलखांब यांच्यासारखे लोक वळले. त्यांपैकी काहींनी फड आतून पाहिलेले होते, त्यामुळे सोंगाड्या प्रथमच कलावंत म्हणून ग्रंथात आला. त्याला पडद्यावर प्रतिष्ठा मिळाली ती १९७१ साली, दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ने. समीक्षकांनी द्व्यर्थाबद्दल नाके मुरडली, म्हणजे भरताची उतरंड पुन्हा बाहेर काढली. प्रेक्षक अतिहसितात होते.

जगभरात आता या अभ्यासाला स्वतःचे घर आहे. १९७६ साली कार्डिफला विनोदावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९८८ पासून 'ह्यूमर' हे संशोधन-नियतकालिक निघते, २०१० पासून 'कॉमेडी स्टडीज'. १९८७ साली ली सीगल यांनी भारतीय विनोदपरंपरेवर 'लाफिंग मॅटर्स' हे देखणे पुस्तक लिहिले. आपल्याकडे खान्देशला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९९० साली, जळगावला, आणि आज ते बहिणाबाईंच्या नावाने आहे. अहिराणीचा कोश झाला, तिच्या लोकसाहित्याचे संकलन झाले, वहीगायनावर लिहिले गेले. विनोदाचा बराच ऐवज या संकलनांत पडून आहे, 'लोकगीते', 'उखाणे', 'म्हणी' अशा मथळ्यांखाली. विहिणीला चिडवणारी गाणी तेथे 'लग्नविधी'त मोडतात.

दरम्यान विनोदाने कागदाची वाटच सोडून दिली आहे. जुन्या खान्देशातून १८६९ साली नाशिक जिल्ह्यात गेलेल्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागाच्या गावातल्या हौशी मंडळींनी मुंबईच्या भव्यतेचे केलेले ते विडंबन इतके गाजले की त्या चित्रपटकारांवर २००८ साली फैझा अहमद खान यांचा माहितीपट आणि २०२४ साली रीमा कागती यांचा कथापट झाला. पाठोपाठ यूट्यूबवर खान्देशी बोलीतल्या विनोदी चित्रफितींचा पूर आला. त्यांत सासू-सून आहेत, उसनवारी आहे, लग्नातली शेवभाजी आहे आणि गवळणीतली मावशी साडी नेसून हुबेहूब परत आली आहे. तिकडे मुंबईच्या वाहिन्यांवर 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली सुरू झाले, आणि दोन माणसे समोरासमोर उभी राहून शब्दाला शब्द भिडवण्याची बतावणीची रचना स्टुडिओच्या उजेडात पुन्हा उभी राहिली. बतावणी आता पहिल्यांदाच जशीच्या तशी नोंदवली जाते, थांबण्यासकट, प्रेक्षकांच्या हसण्यासकट.

आज एरंडोलच्या महाविद्यालयातून एम.ए. झालेल्या एखाद्या मुलीने या चित्रफितींवर प्रबंध लिहायचा म्हटले तर पहिली अडचण सिद्धान्ताची येणार नाही. भरतापासून पवारांपर्यंत शिदोरी भरपूर आहे. अडचण येईल ती साधनांची. वाहिनीवरचा भाग काही वर्षांनी सापडतो, पण दोन-तीन पोरांनी शेतात मोबाइलवर केलेली चित्रफीत एके दिवशी खात्यासकट नाहीशी होते आणि तिची दुसरी प्रत कोठेच नसते. दुसरी अडचण मार्गदर्शकाची. मराठी विभाग म्हणेल हे साहित्य नाही, नाट्यशास्त्र विभाग म्हणेल हे नाटक नाही, आणि जनसंज्ञापनवाले प्रेक्षकसंख्येचे तक्ते मागतील. त्यातून वाट काढायची तर तिने आधी त्या पोरांकडे जाऊन मूळ चित्रफिती एका जाड हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, प्रत्येकीवर गाव, तारीख आणि बोली लिहावी, आणि कोण कोणाला हसते आहे ते विचारून घ्यावे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी बाडे जमवली ती याच रीतीने, दारोदार फिरून.